बोगद्याकडे मोकळं

स्वयंपाकघरातला गॅस बंद केला की फान चिन-फा एक पाऊल मागे सरायचा, उजव्या हाताचं बोट शेगडीच्या बटणाकडे रोखायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "गॅस बंद." घराबाहेर पडताना तेच बोट कुलपाकडे वळायचं, "कुलूप लागलं." छत्री, चष्मा, रक्तदाबाची गोळी, सगळ्यांना हा मान मिळायचा. सून यी-फांग सुरुवातीला हसायची, मग वैतागायची, आणि आता बाजारात निघताना आपलंही बोट पाकिटाकडे का जातं हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"बाबा, गॅसला ऐकू येत नाही," ती म्हणायची.

"गॅससाठी कोण म्हणतंय? मी माझ्यासाठी म्हणतो. डोळ्याने बघायचं, बोटाने दाखवायचं, तोंडाने बोलायचं. तिघंही एकदम चुकत नाहीत."

हे रेल्वेच्या शाळेत पहिल्याच दिवशी शिकवलं जातं आणि पुढे बरीच वर्षं फाननेच ते नव्या पोरांच्या डोक्यात भरलं होतं. मिसरूड फुटलं तेव्हा तो घाटातल्या एका चिमुकल्या स्टेशनावर सांधेवाला म्हणून लागला. मग कोळशाच्या इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणारा, कोळसा गेल्यावर सहायक, मग ड्रायव्हर, मग यार्डात डबे जोडणारा, शेडमध्ये चाकं तपासणारा, काही काळ हरवलेल्या सामानाच्या कचेरीत, आणि शेवटी शिक्षक. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "यांनी केलं नाही असं रेल्वेत एकही काम उरलेलं नाही," तेव्हा टाळ्या पडल्या. एक माणूस इतक्या खात्यांतून का फिरला हे कोणी विचारलं नाही. फानला मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. ड्रायव्हरची खुर्ची सुटल्यानंतर तो कुठेच रमला नाही. माणसं ओळखीची झाली, शेजारी बसून डबा उघडू लागली, जुन्या आठवणी काढू लागली, की हा बदली मागून घ्यायचा.

निवृत्तीनंतरही त्याची रेल्वे सुटली नाही. तैवानातल्या मियाव-लीच्या डोंगरातून जाणारा जुना घाटमार्ग नवी लाइन झाल्यावर बंद पडला होता. तिथे आता तैपेईहून आलेली हौशी मंडळी पायडल मारायच्या चारचाकी गाड्या रुळांवरून चालवतात. नान-खेंगच्या जुन्या स्टेशनाजवळ गावचा रस्ता रुळांना छेदून जातो, आणि त्या फाटकावर एक जबाबदार माणूस हवा होता. फानइतका जबाबदार माणूस पंचक्रोशीत मिळणार कुठे? त्याला पिवळं जाकीट मिळालं, एक स्टूल मिळालं, आणि रस्त्यावर आडवी टाकायची बांबूची दांडी मिळाली. एका बाजूला रूळ सरळ गावाकडे जात. ते दूरवर दिसत. दुसऱ्या बाजूला उतार होता आणि हाकेच्या अंतरावर बोगद्याचं तोंड. बोगद्यातून सुटलेली गाडी उतारामुळे आपसूक वेग घ्यायची आणि तिचे ब्रेक म्हणजे चेष्टाच होती. म्हणून रस्त्यावरची माणसं सोडण्याआधी फान दोन्हीकडे बोट रोखून म्हणायचा, "गावाकडे मोकळं. बोगद्याकडे मोकळं." शाळेतली पोरं त्याची नक्कल करत रूळ ओलांडायची. तो रागवायचा नाही.

कोणाला माहीत नव्हतं ते एवढंच, की गेल्या वर्षापासून बोगदा त्याला नीट दिसत नव्हता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. आधी वाटलं धुकं आहे, मग वाटलं चष्मा पुसायला हवा. बोगद्याचं काळं तोंड हळूहळू राखाडी झालं, आणि एप्रिलमध्ये तुंगची झाडं फुलून डोंगर पांढरा झाला तेव्हा झाड कुठे संपतं आणि रूळ कुठे सुरू होतात हे त्याला सांगता येईना. तरी त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पिवळं जाकीट गेलं असतं, आणि जाकिटाशिवाय दिवसभर घरी बसून काय आठवत बसायचं, याची त्याला धास्ती होती.

त्याच दिवसांत एका दुपारी त्याने बोट रोखलं, आणि न दिसणाऱ्या बोगद्याकडे बघून म्हणाला, "बोगद्याकडे मोकळं."

"बोगद्याकडे मोकळं," त्याच्या उजव्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं.

फान वळला. मागे स्टूल, स्टुलाखाली पाण्याची बाटली आणि पलीकडे पेरूची बाग. बोगद्यातून आवाज घुमून आला असेल, असं म्हणून त्याने माणसं सोडली. पण घुमलेला आवाज स्वतःचाच असतो. हा आवाज तरुण होता, जरासा घोगरा, आणि शेवटचा शब्द किंचित लांबवायची त्याची लकब फानला पाठ होती.

इंजिनाच्या केबिनमध्ये दोघं बसतात. डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे सहायक. सिग्नल आला की ड्रायव्हरने बोट रोखून पुकार द्यायचा आणि सहायकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुकार पुन्हा द्यायचा. नियमात काही खोट नाही. खोट माणसांच्या रीतीत होती. हाताखाली धरून काम शिकवणाऱ्याला इकडे शिफू म्हणतात, आणि शिफूच्या तोंडून शब्द पडला की तुमचं चुकलं असं शिष्याने म्हणायचं नसतं. शिफूने मुळ्याला आलं म्हटलं तर चहात मुळा किसून टाकणारे शिष्य त्या काळी प्रत्येक शेडमध्ये होते.

पेंग युन-लाइ तसाच होता. अबोल, नाकासमोर चालणारा, नवीन लग्न झालेला. फानचा तो पहिलाच शिष्य, आणि फानला त्याचा खरोखर लळा होता.

तीही तुंगच्या बहराचीच दुपार होती. घाटातल्या उजव्या वळणापुढचा सिग्नल बारा महिने मोकळा असायचा. फानच्या मांडीवर डबा उघडा होता, डब्यात सकाळी बायकोशी भांडून घेतलेलं कोरडं डुकराचं मांस होतं, आणि ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो, हे त्याच्या डोक्यात चाललं होतं. वळण आलं. बोट उठलं, तोंड बोललं, "पुढचा सिग्नल, मोकळा." डोळा डब्यातच होता.

उजवीकडून उत्तर आलं नाही.

वळण उजवं, म्हणून सिग्नल युन-लाइच्या बाजूने आधी दिसायचा. तो गुडघ्यांवर हात ठेवून, मान ताठ करून समोर बघत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. पोराच्या तोंडात घास असेल, असं फानला वाटलं. त्याला जरा रागही आला. मग त्याने मान वर केली. सिग्नल लाल होता, पुढे रुळांवर गँगमन काम करत होते. ब्रेक लागले तोवर उशीर झाला होता. बाकीचे पळाले, एक जण राहिला.

चौकशीत फानला एकच प्रश्न अडचणीचा आला. सहायकाने पुकार दिला होता का?

"दिला होता, साहेब."

त्याने हे ठरवून म्हटलं नव्हतं. पुढे आयुष्यभर त्याने स्वतःला हेच सांगितलं, आणि ते खरंही होतं, फक्त त्यामुळे काही बदललं नाही. ज्याला सिग्नल आधी दिसतो त्यानेच लालला मोकळा म्हटलं, म्हणजे मोठा दोष त्याचा. फान काही महिने यार्डात गेला. युन-लाइची नोकरी गेली. चौकशीत तो शेजारीच उभा होता. त्याने शिफूकडे बघितलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही, स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. पुढे कौलांच्या भट्टीवर कामाला लागला, छातीत धूळ गेली आणि काही वर्षांतच खोकून खोकून मेला. फानने त्याच्या शवपेटीला खांदा दिला. युन-लाइची बायको च्यू-मेई त्याच्यापुढे कमरेत वाकून रडली, म्हणाली, एवढं होऊनही शिफू आले.

आता तोच आवाज रोज उजव्या खांद्यामागे होता. आठवडाभर फान घाबरून होता. मग एका सकाळी त्याने पुकार दिला आणि मागून काहीच आलं नाही. माणसं दांडीपाशी खोळंबली होती, एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. फानच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं, मोकळंच. तरी त्याचा हात दांडीवरून उचलेना. आणि त्या पांढऱ्यातून एक गाडी खडखडत बाहेर आली, पायडलवरचे पाय हवेत, चौघं ओरडताहेत, आणि फाटकावरून निघून गेली.

"नजर अजून तेज आहे हो म्हाताऱ्याची," स्कूटरवाला म्हणाला.

त्या दिवसापासून फानने डोळ्यांचा नाद सोडला. तो बोट रोखायचा, पुकार द्यायचा आणि कान मागे लावायचा. उत्तर आलं की माणसं सोडायची, नाही आलं की थांबायचं. एकदाही चुकलं नाही. त्याला वाटू लागलं, युन-लाइने माफ केलं असावं. असं वाटलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की स्वतःची किळस यायची. ज्याची भाकरी काढून घेतली त्याला मेल्यावरही फुकट राबवतो आहेस, असं तो मनाशी म्हणायचा, आणि पुढच्या गाडीला पुन्हा कान लावायचा.

च्यू-मेई रोज सकाळी त्याच फाटकातून जायची. तिची हातगाडी होती, तीवर मुळ्याचं सारण भरलेले तांदळाचे बाव वाफाळत असायचे, आणि ते ती जुन्या स्टेशनापाशी पर्यटकांना विकायची. तिला आता कमी ऐकू येत होतं. गाड्यांची घंटा तिला कळायची नाही. ती दांडीच्या टोकाशी, हातगाडीपुरती फट होती तिथे थांबायची, फानचं बोट आणि फानचे ओठ बघायची, आणि ते मोकळं म्हणाले की निघायची. रुळांकडे ती बघतसुद्धा नसे.

"काय शिफू, तोंड का उतरलंय? सुनेने उपाशी धाडलं?" असं म्हणत ती एक गरम बाव त्याच्या हातावर ठेवायची.

"असे फुकट बाव वाटत सुटलीस तर तुझा धंदा बुडेल."

"बुडू दे. तुमच्या एका बावाने बुडणारा धंदा असेल तर तो काय कामाचा?"

फानला तो बाव नकोसा व्हायचा. तरी तो शेवटचा घास संपेपर्यंत खायचा, कारण ती बघत उभी असायची.

मे महिन्यात त्याने चहाच्या कपात सोयासॉस ओतला आणि यी-फांगने त्याला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. "बाबा, या डोळ्यांनी तुम्ही फाटक सांभाळत होता?" ती म्हणाली. "माणसं सोडत होता तुम्ही रुळांवरून?"

"सोबत होती," फान म्हणाला.

"कोणाची?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पट्टी सुटली तेव्हा त्याला आधी सुनेच्या कपाळावरच्या आठ्या दिसल्या, आणि आपण हिला बरंच म्हातारं केलं असं वाटून तो वरमला.

तो परत फाटकावर गेला तेव्हा तुंगचा बहर सरला होता आणि बोगद्याचं तोंड कोरल्यासारखं स्पष्ट दिसत होतं. आतल्या विटासुद्धा दिसत होत्या. त्याने पुकार दिला. मागून काही आलं नाही. सवयीने तो थांबला, बराच वेळ थांबला, माणसं कुरकुरायला लागली. रूळ मोकळे होते. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तिसऱ्यांदाही. संध्याकाळपर्यंत त्याची खात्री पटली की आवाज गेला. छातीवरचा दगड उतरावा तसं त्याला हलकं वाटलं, आणि स्टूल उचलून घरी जाताना मात्र रडू आलं.

पुढे काही दिवसांनी च्यू-मेई बाव देऊन लगेच निघाली नाही. तिने हातगाडीच्या चाकाला दगड लावला आणि फानच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"शिफू, स्टेशनात जुन्या माणसांचे फोटो लावताहेत. या लाइनवर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांचे. मी युन-लाइचा फोटो घेऊन गेले होते."

"बरं."

"नको म्हणाले. काढून टाकलेल्याचा लावता येत नाही." ती नखाने बोटावरचं पीठ खरवडू लागली. "मला त्याचं काही नाही. पण जाताना तो एक बोलून गेलाय. म्हणाला, त्या दिवशी मी पुकार दिला नव्हता. मी म्हटलं, ताप बोलतोय. इतकी वर्षं मी त्याच्या हातून एक माणूस गेला म्हणून त्या गँगमनच्या नावाने उदबत्ती लावते. पण तो फोटोवाला मुलगा भला आहे. म्हणाला, केबिनमधलं कोणी असेल आणि दोन शब्द सांगेल, तर बघू. केबिनमधले आता तुम्हीच. सांगा ना, त्याने पुकार दिला होता का?"

फानने तिच्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांना तिच्या चेहऱ्यावरची एकूण एक रेघ दिसत होती. त्या चेहऱ्यावर संशय असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या कशाला? हो का नाही, एवढंच तर आहे." मग तिचं लक्ष त्याच्या काळ्या चष्म्याकडे गेलं आणि ती ओशाळली. "जाऊ द्या. ऑपरेशन झालंय, डोक्याला ताण नको. उद्या सांगा."

घरी फान जेवला नाही. खरं सांगितलं तर ती काय करेल, हे त्याला ठरवता येईना. ती ओरडली तर चालेल, थुंकली तर चालेल. पण ती तशी बाई नव्हती. ती फक्त समजून घेईल, तिथेच उभी राहून सगळी वर्षं एकेक करून मनात उलटून बघेल, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच फाटकातून जाईल. आणि खोटं सांगितलं तर ती मान हलवेल आणि बाव देईल. यातलं सोसायला सोपं कोणतं, हे त्याला कळेना. सकाळी आरशासमोर त्याने म्हणून बघितलं, "नाही. त्याने पुकार दिला नव्हता." 'नाही' पर्यंत आवाज फुटला. पुढचे शब्द ओठांनी नुसते केले.

"बाबा, गॅस," यी-फांगने मागून आठवण केली. तो गॅसकडे बोट न दाखवताच निघून गेला होता.

त्या सकाळी फाटकावर गर्दी नव्हती. ऊन स्वच्छ होतं. च्यू-मेई लांबून येताना दिसली तेव्हा त्याने दांडी आडवी टाकून ठेवली होती आणि ते एक वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. ती फटीपाशी आली, हातगाडी थांबवली आणि त्याच्याकडे बघून हसली. पलीकडे गेल्यावर विचारीन, असा खुणेने हात केला.

फानने बोगद्याकडे नजर टाकली. काळ्या तोंडातून एक गाडी बाहेर येत होती. तिच्यावर चौघं होते, पुढे बसलेल्या मुलीच्या केसांतली लाल पट्टीसुद्धा त्याला दिसली. उतार लागला होता. घंटा वाजत होती. तो बोलायच्या आधीच कोणीतरी बोललं.

"बोगद्याकडे मोकळं."

आवाज उजवीकडून आला नव्हता. तो डाव्या खांद्यामागून आला होता, ड्रायव्हरच्या बाजूने, आणि तो घोगरा नव्हता, तरुणही नव्हता. खणखणीत होता. गॅसला, कुलपाला, छत्रीला ऐकू जाईल असा.

मग तो आवाज थांबला, उजवीकडच्या माणसाने बघून उत्तर द्यावं म्हणून जेवढं थांबतात तेवढाच. फानने ओठ घट्ट मिटले. नुसतं गप्प राहायचं होतं. एका साध्या पोराला, पहिल्या नोकरीत, शिफूच्या शेजारी बसून जे जमलं होतं तेवढंच करायचं होतं, आणि ते किती जड असतं हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. गाडी उतारावर आली होती. मुलगी हात हलवत होती. च्यू-मेईची नजर त्याच्या ओठांवर होती. ती पलीकडे गेली की विचारणार होती.

त्याचं बोट वर उठलेलं त्याला दिसलं.

"बोगद्याकडे मोकळं," फान म्हणाला, आणि च्यू-मेईने नेहमीसारखी मान हलवून हातगाडी पुढे ढकलली.